निधीवाल्या बाई लग्नाला आल्या

टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढाच त्या केंद्राचा पसारा. एका खोलीत डॉक्टर तपासायचे, दुसरीत नर्सबाई रक्त घ्यायच्या आणि गोळ्या द्यायच्या, आणि गच्चीवर पत्र्याखाली टेबल टाकून अर्जताई बसायची. तिचं काम एकच, अर्ज लिहिणं. एचआयव्हीच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या, गरोदर बायकांची देखभाल, या सगळ्याला लागणारा निधी समुद्रापलीकडच्या एका संस्थेकडून यायचा, आणि तो काही आपण होऊन चालत येत नसे. दर काही वर्षांनी नव्याने मागावा लागे.

"लोकांच्या सुना नोकरी करतात," तिच्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची अर्ज करते."

अर्जताईच्या अर्जांची एक खास भाषा होती. त्यात माणसं नसायची, लाभार्थी असायचे. कुणी बरं होत नसे, उद्दिष्टपूर्ती होत असे. डॉक्टर ते वाचून डोकं खाजवायचे. "तुझा अर्ज वाचला की आपण इथे नेमकं काय करतो तेच मला कळेनासं होतं," ते म्हणायचे. "पण पैसे येतात, म्हणजे बरोबरच असणार."

यंदा मात्र अर्जावर भागणार नव्हतं. संस्थेची पुंजी आटली होती आणि मागणारे वाढले होते. म्हणून संस्थेतल्या एक बाई स्वतः सगळी केंद्रं बघायला निघाल्या होत्या. गुरुवारी त्या इथे यायच्या होत्या. हे कळलं तेव्हापासून केंद्रात नुसती धांदल. भिंतींना रंग लागला. तक्ते टांगले गेले. डॉक्टरांनी स्वागताची चार वाक्यं पाठ केली आणि दर वेळी तिसऱ्या वाक्याला अडखळले. गुरुवारी तेवढी ठोकाठोक करू नका म्हणून खालच्या टायरवाल्याला गळ घालून झाली.

आणि मंगळवारी शिंपीणबाईचं लग्न होतं.

शिंपीणबाई ही केंद्राची सगळ्यात जुनी पेशंट. पहिला नवरा या आजाराने गेला, तोवर हिलाही लागण झालेली आणि पोटात मूल. त्या दिवसांत ती या जिन्यावर बसून रडली होती म्हणे. आता तसं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नसे. गोळ्या चुकवल्या नाहीत, कोपऱ्यावर दुकान टाकलं, मुलगी शिकवली. केंद्रात कुणी नवी बाई घाबरून आली की नर्सबाई तिला सरळ शिंपीणबाईच्या शेजारी नेऊन बसवत. थोड्या वेळाने त्या दोघी ब्लाउजच्या नाहीतर बाह्यांच्या मापांबद्दल बोलत असत आणि नव्या बाईचा चेहरा जरा माणसात आलेला असे.

नवरदेव टॅक्सीवाला. पँट आखूड करून घ्यायला म्हणून दुकानात आला आणि मग त्याच्या पँटा दर आठवड्याला लांब तरी व्हायला लागल्या नाहीतर आखूड तरी. त्याला आजार नव्हता. तिला आहे हे त्याला ठाऊक होतं. लग्न नोंदणी कार्यालयात, मंगळवारी सकाळी अकराला, साक्षीदार डॉक्टर आणि नर्सबाई, आणि आमंत्रण अख्ख्या केंद्राला. टायरवाल्यालासुद्धा.

मंगळवारी सकाळी डॉक्टर नवा सदरा घालून तयार, तेवढ्यात मोठ्या इस्पितळातून फोन आला. केंद्राच्या एका गरोदर बाईला दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या होत्या. जन्मल्याबरोबर बाळाला औषध जायला हवं होतं, आणि ती बाई डॉक्टर आल्याशिवाय कुणाला हात लावू देईना.

"माझ्या जागी तू सही कर," जिना उतरता उतरता डॉक्टर अर्जताईला म्हणाले. "आणि माझ्यासाठी केक ठेवा!"

बाकीची मंडळी पुढे गेली. नर्सबाईंनी दाराला कुलूप लावून वर कागद चिकटवला, 'लग्नाला गेलो आहोत. दुपारी उघडू. गोळ्या संपल्या असतील तर फोन करा.' खाली आपला नंबर. अर्जताई अर्ध्या रस्त्यात पोचली तेव्हा तिला आठवलं, की फुलं गच्चीवर बादलीतच राहिली आहेत. ती उलट्या पावली पळत आली, फुलं उचलली आणि जिना उतरू लागली.

जिन्यावर एक उंच, पांढऱ्या केसांची परदेशी बाई पाठीवर पिशवी लावून उभी होती आणि दारावरचा कागद न्याहाळत होती.

फोटोतून अर्जताई हा चेहरा ओळखत होती. निधीवाल्या बाई!

"माफ करा, मी दोन दिवस आधीच आले," बाई आपल्या भाषेत म्हणाल्या. अर्जताईला ती भाषा चांगली येत होती, तेवढ्यासाठीच तर तिला कामावर ठेवलं होतं. "आधीच्या गावाचा रस्ता पुरात गेला. म्हटलं वेळ फुकट कशाला घालवायचा. या कागदावर काय लिहिलंय?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. 'साठवणीची तपासणी चालू आहे' असं एक छान वाक्य अर्जताईच्या ओठांवर आलंही. पण हातात फुलं होती, आणि साठवणीच्या तपासणीला कुणी फुलं नेत नाही.

"लग्नाला गेलो आहोत असं लिहिलंय," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"आमच्या एका लाभार्थीच्या."

बाईंनी भुवया उंचावल्या. मग म्हणाल्या, "मला यायला चालेल?"

नाही कसं म्हणणार! दोघी निघाल्या. रस्ता चढाचा होता. वाटेत नळांची, खिळ्यांची, आरशांची दुकानं. बाई प्रत्येक आरशात डोकावून आपले केस सारखे करत होत्या आणि अर्जताई मनातल्या मनात निधीला श्रद्धांजली वाहत होती. दोन महिने रंगरंगोटी केली, आणि साक्षात देव दारात आला तर दाराला कुलूप.

नोंदणी कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली. जन्म, मृत्यू आणि लग्न, तिन्हींची खिडकी एकच. त्यामुळे बाकावर एका टोकाला तान्हं बाळ मांडीवर घेतलेलं जोडपं, दुसऱ्या टोकाला डोळे पुसणारे एक गृहस्थ आणि मधे आपली वरात. शिंपीणबाईने स्वतः शिवलेला अबोली रंगाचा पोशाख घातला होता. टॅक्सीवाल्याच्या नव्या कोऱ्या शर्टावर पुठ्ठ्याच्या घड्या तशाच होत्या. शिंपीणबाईची मुलगी, यंदा शाळेतून बाहेर पडणारी, केकचा डबा दोन्ही हातांत धरून कुणालाही जवळ फिरकू देत नव्हती.

"यांच्यातले पेशंट कोण?" बाईंनी हळूच विचारलं.

अर्जताईने वीस-पंचवीस माणसांवरून नजर फिरवली. कुणी हसत होतं, कुणी जांभई देत होतं, टायरवाला कंगव्याने भांग पाडत होता.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्याच नियमावलीत आहे."

बाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. अर्जताईचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आक्का आत आली.

आक्का म्हणजे टॅक्सीवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला हिनेच वाढवलं. लाँड्री चालवायची. मनगटं जाड, आवाज त्याहून जाड. भावाने लग्नाचं तिला महिन्यापूर्वी सांगितलं होतं, पण आजाराचं सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. ती आज सकाळी, घरातून निघता निघता रेटली. आक्काने हातातली इस्त्री खाली ठेवली होती आणि तडक चालत आली होती.

"हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. "एड्सवाली बाई माझ्या घरात नको!"

बाळ घेतलेल्या जोडप्याने बाळाला जवळ ओढलं. कारकुनाचा शिक्का हवेतच राहिला.

"त्या काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"त्या... आनंद व्यक्त करतायत," अर्जताई म्हणाली.

"इतक्या जोरात?"

"घरातल्या थोरल्या आहेत."

"आक्का," टॅक्सीवाला पुढे झाला, "मला सगळं माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? तुला स्वतःच्या बुटाचं माप माहीत नाही! मी तुला वाढवलं ते असं मरायला?"

मग शिंपीणबाई उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही.

"एड्स नाही झालेला मला. विषाणू आहे, गोळ्या घेते, ठणठणीत आहे. आता चारचौघांत सांगितलंच आहे तर पुढचंही ऐका. तुमच्या भावाला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हटलं, आता हा परत दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी चार पँटा घेऊन आला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक टायरवाला. आक्काने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कंगवा खिशात टाकला.

"आणि याला लागण झाली तर?" आक्काने विचारलं. हे मात्र तिने ओरडून विचारलं नाही.

सगळे अर्जताईकडे बघू लागले. डॉक्टर असते तर ते बोलले असते. नर्सबाई खिडकीशी कारकुनाला धरून बसल्या होत्या, तो पुढचा नंबर पुकारू नये म्हणून. आणि हेच वाक्य तर अर्जताईने आजवर प्रत्येक अर्जात लिहिलं होतं. तिने घसा साफ केला.

"विषाणूभार शोधपातळीच्या खाली असलेल्या लाभार्थींकडून लैंगिक संक्रमणाची शक्यता..."

"ही बाई बातम्या सांगतेय का?" आक्का म्हणाली. "अगं, सरळ बोल ना!"

अर्जताई थांबली. तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपण कधी कुणा जिवंत माणसाला सांगितलंच नाही.

"आक्का," ती म्हणाली, "हिच्या अंगात तो विषाणू आहे. पण रोजच्या गोळीने तो इतका दबलाय की तपासणीत दिसतसुद्धा नाही. आणि इतका दबला की तो नवऱ्याकडे जात नाही. कमी जातो असं नाही, जातच नाही. जगभर हजारो जोडप्यांवर बघून झालंय. फक्त गोळी रोज घ्यायची आणि मधून मधून रक्त तपासायचं."

"म्हणजे डाग आहे, पण दिसत नाही."

"डाग नाही म्हणायचं, आक्का."

आक्काची नजर मुलीवर गेली. "आणि हिला?"

"मला नाहीये," मुलगी म्हणाली. "मी पोटात होते तेव्हापासून आई गोळ्या घेतेय. मलाही जन्मल्यावर औषध दिलं होतं. कितीदा तरी तपासलंय." आणि मग, जरा चिडून, "हा डबा जड आहे. मी खाली ठेवू का?"

"ठेव बाई, ठेव," आक्का नकळत म्हणाली. बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं. एव्हाना अर्जताईने खोटं भाषांतर सोडून दिलं होतं आणि बाईंच्या कानात सगळं खरंखुरं सांगत होती. बाईंची पिशवी खांद्यावरून घसरली होती, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"बरं," आक्का म्हणाली. "गोळी घेतली तर सगळं ठीक. आणि उद्या गोळ्या मिळायच्या बंद झाल्या तर?"

त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना रात्री जाग आली की हाच प्रश्न पडायचा, पण असा तोंडावर कुणी विचारत नसे. अर्जताईने शेजारी, बाईंकडे बघितलं.

"ही कोण?" आक्काने विचारलं.

"या गोळ्यांना पैसे देतात त्या संस्थेच्या बाई."

"मग तिलाच विचार की!"

अर्जताईने विचारलं. डॉक्टरांनी पाठ केलेलं स्वागत राहिलं बाजूला, तक्ते राहिले, आणि निधीचा प्रश्न एका लाँड्रीवालीने नोंदणी कार्यालयात घातला.

बाई अर्जताईकडे न बघता, आक्काकडे बघत बोलल्या, आणि अर्जताईने शब्दाला शब्द सांगितलं.

"त्या म्हणतायत, हे माझ्या एकटीच्या हातात नाही. आमच्याकडे पैसे कमी झालेत, आणि काही ठिकाणी आम्हाला नाही म्हणावं लागणार आहे. मी परत जाऊन तुमच्या बाजूने भांडेन. पण वचन देत नाही, कारण मोडलं तर तुम्ही मला काय म्हणाल?"

नर्सबाईंनी मान खाली घातली.

"खरं बोलली," आक्का म्हणाली. "गोड गोड बोलली असती तर याला कॉलर धरून घरी नेलं असतं." मग भावाकडे वळली. "मी सही-बिही काही करणार नाही, सांगून ठेवते. पण बसते. आणि इकडे ये. हा शर्ट घड्यांसकट घालतात का? लाँड्रीवालीचा भाऊ तू!"

कारकुनाने सुटकेचा श्वास सोडून शिक्का खाली आणला. नवरानवरीने सह्या केल्या, नर्सबाईंनी केली, अर्जताईने केली. एका फटक्यात लग्न लागलं. डोळे पुसणाऱ्या गृहस्थांनीही केकचा तुकडा घेतला आणि दोघांना तोंडभरून आशीर्वाद दिला. बाळाची आई आधी लांबच उभी होती. मग शिंपीणबाईनेच जाऊन तिला विचारलं, "बाळाचं टोपडं कुणी शिवलं? सैल झालंय," आणि ती हसली.

डॉक्टर आले तेव्हा डब्यात नुसती केकखालची कागदी लेस उरली होती. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "मुलगी झाली," ते दारातूनच म्हणाले. "रडते अशी की दोन मजले खाली ऐकू येतं. औषधाचा पहिला थेंब घेतला आणि माझ्याच अंगावर उडवला." एवढ्यात त्यांना परदेशी बाई दिसल्या. त्यांनी घाईघाईने हात जोडले, स्वागताची दोन वाक्यं म्हटली आणि तिसऱ्याला अडखळले.

बाई दोन दिवस राहिल्या. त्यांनी तक्ते बघितले, पण उभ्या उभ्या. बाकी सगळा वेळ त्या नर्सबाईंच्या खोलीत स्टुलावर बसून होत्या.

निधीचं उत्तर यायला बराच वेळ लागला. गोळ्या, तपासण्या आणि गरोदर बायकांची देखभाल, एवढं मंजूर झालं. अर्जात मागितलेली गाडी नामंजूर. शिवणवर्ग नामंजूर. आणि खाली एक नवीच अट, आमचा निधी कधी थांबला तर गोळ्या कुठून आणणार, याची सोय आत्तापासून करून दाखवा. अशी अट संस्थेने पूर्वी कधी घातली नव्हती.

"ही त्या आक्काची करणी," डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले.

मग सुरू झाले सरकारी आरोग्य खात्याचे खेटे. अर्जताईने तिथला अर्ज लिहायला घेतला, पहिलं पान लिहिलं, वाचलं, फाडलं, आणि पुन्हा लिहिलं. या वेळी डॉक्टरांना वाचताक्षणी कळलं. खात्यातल्या साहेबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तो बाजूला न सारता प्रश्न विचारले. खात्याच्या भांडारातून केंद्रासाठी काही महिन्यांचा राखीव साठा ठेवायचं ठरलं. फार नाही, पण मधला खड्डा ओलांडण्यापुरता.

त्यानंतर एका दुपारी आक्का केंद्राचा जिना चढून आली. धापा टाकत थेट गच्चीवर गेली आणि अर्जताईच्या समोर बसली.

"डॉक्टरांना बोलावू?" अर्जताईने विचारलं.

"नको. तूच सांग. तुझं मला कळतं." तिने मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं. "एका कपातून चहा प्यायला तर काही होतं का?"

"नाही, आक्का."

"एकाच टबात कपडे?"

"काही होत नाही."

"एकत्र जेवलं, एकीच्या ताटातलं दुसरीने उचललं?"

"काहीसुद्धा होत नाही."

आक्का हाताची नखं बघत बसली. खाली टायरवाला ठोकत होता.

"मी तिचा कप वेगळा ठेवलाय," ती म्हणाली. "ती आली की त्यातच देते. निळ्या कानाचा. तिच्या लक्षात आलं असेल का गं?"

अर्जताईला खोटं बोलवेना. "आलं असेल."

"बोलली नाही कधी."

"त्या नाही बोलायच्या."

आक्का उठली. पदर खोचला. "बरं, चलते," एवढंच म्हणाली आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई गोळ्या न्यायला आली ती हसतच. नर्सबाई पिशवी भरत होत्या तोवर ती गच्चीवर डोकावली.

"काल काय झालं माहीत आहे का? आम्ही वन्संकडे गेलो होतो. त्यांनी स्वतःचा चहा अर्धा प्यायला आणि उरलेला कप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, घे, मला जास्त झाला."

"मग?"

"मग काय, प्यायले," शिंपीणबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती नाक मुरडत होती. "पण साखर किती घालतात हो वन्सं! नुसता पाक!"